ऐकून संपवायचा सेल

आमच्या घरात कुठलीही वस्तू तळाला गेलेली आईला खपत नसे. तांदळाच्या डब्यात मूठभर तांदूळ उरले की नवे आणून वर ओतायचे. कुंकवाचा करंडा निम्मा झाला की भरायचा. पाण्याचं पिंप भरलेलं असलं तरी नळ जायच्या आधी त्यात आणखी तांब्याभर ओतून ते काठाला आणायचं. ‘तांदूळ संपले’ असं तोंडातून काढायची सोय नव्हती, ‘तांदूळ वाढले’ म्हणायचं. लहानपणी मी एकदा मुद्दाम ‘संपले, संपले’ करत घरभर नाचले होते आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. हे सगळं सांगतेय ते एका बटणाएवढ्या सेलसाठी. आईच्या या चांगल्या सवयीने त्या सेलची पार वाट लावली होती.

आम्ही मुलुंडला राहायचो, पूर्वेला, एका सोसायटीत दोन खोल्यांत. बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणीत साचाखात्यात, मागांवर होते. संपानंतर गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही, तेव्हा ते पंख्यांच्या एका गोदामात राखणीला लागले. आई शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आग्रा रोडवरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका गाळ्यात नोकरीला होते. तिथे आम्ही चार्जिंगचे छोटे इमर्जन्सी लॅम्प बनवायचो. दिवे गेले की आपोआप लागणारा लॅम्प तेव्हा नवलाईचा होता, आणि तो बनवणारी मुलगी म्हणून सोसायटीत माझा थोडा भाव होता. कुणाचाही रेडिओ बिघडला की तो आमच्याकडे यायचा. मला रेडिओतलं फारसं कळत नसे, पण तसं सांगण्याइतकी मी भोळी नव्हते.

आईचे कान कधी जायला लागले ते आम्हाला नेमकं कळलंच नाही. आधी ती ‘काय?’ म्हणायची, मग दोनदा ‘काय?’ म्हणायला लागली, आणि मग एक दिवस ‘काय?’ म्हणणंच सोडून नुसती मान हलवायला लागली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या नसा आहेत, त्या काही परत यायच्या नाहीत, मशीन लावा. तेव्हाचं मशीन म्हणजे काडेपेटीहून मोठा डबा, तो ब्लाउजमध्ये खोवायचा आणि त्याची वायर कानापर्यंत न्यायची. आईने ते आठवडाभर लावलं. पण तिला त्यात मुलांच्या आवाजापेक्षा स्वतःच्या साडीची सळसळच जास्त ऐकू यायची. शिवाय पहिलीतली पोरं, ती वायर ओढल्याशिवाय कशी राहतील? डबा कपाटात गेला.

मग मामा दुबईहून सुट्टीवर आला आणि त्याने कानामागे बसणारं मशीन आणलं. भुईमुगाच्या शेंगेएवढं, रंगही तसाच. केस जरा पुढे घेतले की दिसतही नसे. त्याचे बटणासारखे दोन सेल होते, एका वेळी एकच लागे, आणि ते फेकायचे नव्हते, पुन्हा पुन्हा भरायचे होते. त्यासाठी एक छोटी डबी होती. ती प्लगला लावली की तिच्यावर लाल दिवा लागे. असले साधे, एकदाच वापरायचे बटणसेल मुलुंडमध्ये औषधालाही मिळत नसत. फोर्टातल्या एका दुकानात कधी असत, कधी नसत. म्हणून ही भरायची सोय म्हणजे आम्हाला देवच पावला होता. प्लगही नेमका देव्हाऱ्याशेजारी होता, त्यामुळे ती डबी देवांच्या ओळीत करंड्याशेजारी बसली. लाल दिवा लागला की आई हात जोडायची. देवाला की डबीला, ते मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी शाळेतून आली ती रडतच. वर्गातला एक मुलगा बोबडा आहे हे तिला त्या दिवशी कळलं होतं. वर्ष निम्मं सरलं होतं आणि आपल्याला माहीतच नव्हतं, असं म्हणून ती हसतही होती.

आता आईने त्या सेलचं काय केलं, तर जे तांदळाचं केलं तेच. दुपारी शाळेतून आली की चपला काढायच्या आणि मशीन काढायचं. तेवढ्या वेळात सेल काही संपलेला नसे, पण तो लगेच डबीत जाई, आणि डबीतला काठोकाठ भरलेला दुसरा सेल उद्यासाठी निघे. घरात ती मशीन लावत नसे. घरात काय ऐकायचंय, म्हणायची. सेल शाळेसाठी राखायचा. घरात आमचं खुणांवर भागायचं. साचाखात्यात मागांच्या खडखडाटात माणसं हातांनीच बोलायची, त्यामुळे बाबांना खुणांची सवय होती. अंगठा ओठाशी नेला की चहा. दोन बोटं चालवली की बाहेर जातो. बाकी काही सांगायचं असेल तर बाबा ओरडून सांगत, आणि मग खालच्या मजल्यावरच्यांनाही ते कळे. हळूहळू ओरडण्याजोगं जे नव्हतं ते सांगणं बंदच झालं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझं लग्न ठरत नव्हतं, तेव्हा घरात बोलणं जेवढं कमी तेवढं मला बरंच होतं.

काही महिने झकास गेले. मग एक दिवस मधल्या सुट्टीच्या आधीच मशीन बंद पडलं. साध्या बॅटरीचा ट्रान्झिस्टर कसा हळूहळू खर्जात जातो, आपल्याला कळतं की आता बदलायला हवी. हे सेल तसे नव्हते. शेवटपर्यंत एका पट्टीत चालायचे आणि मग दिवा विझावा तसे एकदम बंद. आईने दुसऱ्या दिवशी दुसरा सेल लावला, तोही तसाच. पुढे तर प्रार्थना आणि हजेरी झाली की संपलाच. आईने त्यावर तिला सुचला तो उपाय केला, म्हणजे सेल जास्त वेळ डबीत ठेवायला लागली. रविवारी तर दिवसभर.

आणि मग ते झालं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी ‘बाई, पोटात दुखतंय’ म्हणत होती. आई फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. मुलीने पुन्हा पुन्हा सांगितलं, शेजारच्या पोरांनीही सांगितलं, आणि शेवटी ती बाकावरच ओकली. आईला कळलं ते मुलं हसायला लागली आणि त्यांची हलणारी डोकी तिला दिसली तेव्हा. मुलीला काही विशेष झालं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ती शाळेत आलीही. पण मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एक दिवस तुमच्या वर्गात येऊन बसते. जमत नसेल तर तुम्ही कचेरीतलं काम बघा, वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ. आईने हे आम्हाला जेवताना सांगितलं, भाताकडे बघत. बाबांनी हाताने विचारलं, मग? आई म्हणाली, “मग काय. वर्ग गेला तर मी मेल्यासारखीच.” ती असं कधी बोलत नसे, म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गाळ्यावर आमच्याकडे परत आलेल्या लॅम्पची एक थप्पी असे. ते उघडून तपासणं माझं काम. त्या थप्पीत एक विचित्र गोष्ट होती, आणि ती रोज डोळ्यांसमोर असूनही मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मुंबईतल्या घरांतून परत आलेल्या लॅम्पचे सेल मेलेले असत. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या लॅम्पची काच फुटलेली असे, बटण तुटलेलं असे, पण सेल ठणठणीत. आमच्या शेठना वाटे, मुंबईची माणसं लबाड, काहीतरी खटपट करून बिघडवतात आणि बदलून मागतात. दिवाळीच्या आधी एकदा मी अशाच एका मेलेल्या लॅम्पवर मान खाली घालून बसले होते आणि मनात आईचा सेल होता. आणि एकदम लक्षात आलं की मुंबईत दिवे जातातच कुठे? लॅम्प भिंतीला लावून ठेवलेला, रात्रंदिवस भरतोय, आणि त्याला कुणी कधी कामाला लावलेलंच नाही. तिकडे गावाला रोज दिवे जातात, रोज सेल तळापर्यंत रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. इथले सेल बसून बसून मेले होते.

मी थप्पीतले मुंबईकर सेल काढले, एकेकाला छोटा बल्ब जोडला आणि पार विझेपर्यंत जळू दिला. मग भरला, मग पुन्हा जाळला. पहिल्या खेपेला बल्ब लगेच विझला. दुसऱ्या खेपेला जरा टिकला. असं करता करता त्यातले बरेचसे सेल शुद्धीवर आले, काही मात्र कायमचे गेले ते गेलेच. शेठना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, मग असा चार्जर करता येईल का, जो आधी सेल रिकामा करेल आणि मगच भरेल? आम्ही पुढे तसा केलाही, आणि तो चाललाही. आज हे कुणाला सांगितलं तर हसतील. आत्ताच्या फोनच्या बॅटऱ्या अगदी उलट स्वभावाच्या, त्यांना तळाला नेलेलं सोसत नाही, अधूनमधून थोडं थोडं भरत राहावं लागतं. माझी नात फोन निम्म्यावर आला की प्लग शोधते, तेव्हा मला वाटतं, आईची पद्धत बरोबरच होती, फक्त तिच्या काळाचे सेल तसे नव्हते. पण तेव्हाचे ते निकेल-कॅडमियमचे सेल होते, आणि त्यांना पूर्ण रिकामं होणं मानवायचं.

घरी येऊन मी आईला वहीच्या पानावर चित्र काढून हे समजावलं. सेल रोज पूर्ण रिकामा झाला पाहिजे, मगच डबीत. आईने चित्र नीट पाहिलं आणि नाही म्हणाली. भरलेलं मुद्दाम रिकामं करायचं, आणि तेही देवासमोर, दिवेलागणीला? मी म्हटलं, तांदूळ नाहीत ते. ती म्हणाली, तुला काय कळतंय. मग मी चिडले. मी म्हटलं, सोपं आहे, शाळेतून आलीस की मशीन चालू ठेवून कपाटात टाक, आपोआप संपेल, तुला बघायलाही नको. हे मी ओरडून म्हटलं, म्हणजे खालच्या मजल्यालाही आमचा बेत कळला.

आईला सेल रिकामा करण्यापेक्षा हे जास्त लागलं. “कपाटाला काय ऐकवायचंय?” ती म्हणाली. “फुकट नाही घालवायचा. संपवायचाच असेल तर मी ऐकून संपवीन.”

अशी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात बोलण्याची सक्ती सुरू झाली. आई सकाळी मशीन लावायची ती सेल संपेपर्यंत काढायची नाही. संपला की तो डबीत आणि दुसरा कानात. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. आम्हाला ओरडायची सवय, बाबांनी ‘चहा’ म्हटलं की आई दोन्ही कान झाकायची. आणि हळू बोलायचं ठरलं तर काय बोलायचं तेच सुचेना. आई समोर बसून वाट बघतेय, आम्ही एकमेकांकडे बघतोय. मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, अगदी टेंडरच्या जाहिरातींपर्यंत. बाबांनी कंदील लावताना मालवणचं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. पण आई खूश होती. कढईत मोहरी तडतडते हे ती विसरली होती. खिडकीत उभी राहून ती भंगारवाल्याची आरोळी ऐकायची आणि आम्हाला सांगायची, भंगारवाला आला. जसं काही आम्ही बहिरे.

सेल मात्र माझं ऐकत होते. दर खेपेला जरा जास्त टिकायचे. मी मनातल्या मनात धास्तावलेली होते, कारण गाळ्यावर काही सेल परत आलेच नव्हते आणि हे मी आईला सांगितलेलं नव्हतं.

शाळा सुरू झाली आणि मोठ्या बाईंनी दिवस कळवला. त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो. दुसरा सेल भरून डबीत तयार होता, हा कानातला संपवायचा होता. बाबा गोदामातून आले होते आणि काय झालं कोण जाणे, बोलायला लागले. गोदामात एक मांजर होती. तिने साहेबांच्या घरी जाणाऱ्या मोठ्या टेबलफॅनच्या खोक्यात पिल्लं घातली होती. साहेबांचा माणूस पंखा न्यायला यायचा आणि बाबा त्याला रोज नवं कारण सांगायचे. आज शिक्का नाही, आज चावी नाही, आज खोकं खाली दबलंय. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत खोकं हलवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सांगताना ते साहेबांच्या माणसाची नक्कलही करत होते. बाबांना नकला येतात हे मला माहीत नव्हतं. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पिल्लांचे डोळे उघडले, असं बाबा म्हणाले, आणि तेवढ्यात आईचा हात कानाकडे गेला. मी पाहिलं. सेल संपला होता, नेहमीसारखा एकदम. आईने हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि बाबांकडे तशीच बघत राहिली. त्यांना काही कळलं नाही. ते बोलत राहिले, पण आता बशीकडे बघून.

“असा रोज कायतरी घडता,” ते म्हणाले. “घराक येतंय, पण सांगू कोणाक? तू सगळा शाळेसाठी राखून ठेवतंस. माका वाटायचा, तुका माझा आयकूचाच नाय.”

आई मान हलवत होती. सेल संपलाय हे मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओशाळून ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नसतं, एवढं मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. बाबा उठून गॅलरीत गेले. आईने मशीन काढलं, संपलेला सेल डबीत लावला, भरलेला उद्यासाठी मशीनमध्ये घातला आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर रजा टाकली. शाळेत मला कोण घेणार, पण घरी बसून राहवेना म्हणून घरातच येरझाऱ्या घातल्या. आई दुपारी आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण चपला काढताना ती गुणगुणत होती, तेव्हा मी समजले. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर पोरांच्यात दाटीवाटीने बसल्या होत्या. आई त्यांना नमस्कार करून सरळ फळ्याकडे वळली आणि वर्गाकडे पाठ करूनच तिने एकेका मुलाला धडा वाचायला सांगितलं. ओठ बघायची सोयच तिने ठेवली नाही. पोटदुखीवाली मुलगी अगदी दबक्या आवाजात वाचत होती. तिने एक शब्द गाळला, तर आईने पाठमोरीच असताना सांगितलं, बाळा, मधला एक राहिला गं. मोठ्या बाई थोड्या वेळाने उठल्या, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. वर्ग आईचाच राहिला. मी आनंदाने काहीतरी बरळले, तर आई म्हणाली, ओरडू नकोस, ऐकू येतंय.

मग माझ्या लक्षात आलं. शाळा होऊन गेली होती, दुपार कलली होती, आणि मशीन अजून तिच्या कानामागेच होतं आणि सुरू होतं. देवांच्या ओळीतल्या डबीत काल संपलेला सेल भरून तसाच पडून होता, लाल दिवा बंद. मी म्हटलं, काढ की आता, दमली असशील. ती म्हणाली, “थोडा शिल्लक आहे. मला लागणार आहे.”

बाबा आले. त्यांनी आत येताच हातानेच विचारलं, काय झालं? आईने सांगितलं. ते खुर्चीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. आईने चहा दिला, बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि स्वतः समोर बसली.

“पिल्लांचे डोळे उघडले, इथपर्यंत ऐकलं,” ती म्हणाली. “तिथे माझा सेल संपला. पुढचं सांगा.”

बाबा गडबडले. म्हणाले, पुढे काही नाही, माणूस आला आणि पंखा घेऊन गेला.

“ते नाही. त्यानंतर तुम्ही खाली बघून काहीतरी बोललात. ते सांगा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलल्या आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडणार होते, पण सोडला नाही. जन्मभर हातांनी नाहीतर ओरडूनच बोललेला माणूस बाहेरच्या खोलीत इतक्या हळू बोलत होता की तिथे उभी राहून, चांगले धडधाकट कान असून, मला एक अक्षर कळलं नाही. आई मात्र त्यांना एकदाही ‘काय?’ म्हणाली नाही.